हरीण कुणाचे, नुकसान कुणाचे?



रानातल्या जनावरांचा विषय निघाला, की आपल्या बैठकीत दोन मागण्या एका दमात होतात. पहिली मागणी मोठ्या आवाजात : रोही आणि रानडुक्कर मारायला शेतकऱ्याला मोकळीक द्या. दुसरी जरा हळू आवाजात : पारध्यांच्या आणि आदिवासींच्या शिकारीला मात्र आळा घाला, त्या लोकांचा काही नेम नाही. टाळ्या दोन्हींना पडतात. माझे म्हणणे एवढेच, की या दोन मागण्या एका ठरावात बसत नाहीत. दुसरी मागणी करणारा पहिली मागणी आपल्याच हाताने बुडवतो.

शिकारीच्या हक्काचे हे भांडण जगात एका ठिकाणी शेवटापर्यंत लढले गेले आहे. तिथे शेतकरी होते, आदिवासी होते, बंदुका होत्या आणि हरणेही होती. ती हकिगत आधी ऐका. मग आपल्या शेताच्या बांधावर येऊ.

नऊ दिवस आणि चार महिने

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध. मका, सोयाबीन आणि चाऱ्याची शेती. वर उत्तरेला जंगल आणि तळी. पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे अमाप. नोव्हेंबरच्या शेवटाकडे नऊ दिवस बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम असतो. आपल्याकडे पोळा, तसा तिकडे हा हंगाम. कारखान्यातला कामगार सुटी काढतो, शेतकऱ्याचा पोरगा बापाबरोबर रानात जातो, मांस घरात साठवून पुढे कित्येक महिने पुरवतात. परवाना काढावा लागतो आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद द्यावी लागते. २००० साली बंदुकीचे आणि धनुष्यबाणाचे हंगाम मिळून सहा लाखांच्या वर हरणे मारली गेली. म्हणून हरणे संपली नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा हंगाम लागला.

या भूमीचे जुने धनी ओजिब्वे नावाचे आदिवासी. सरकारी दप्तरात त्यांना चिपेवा म्हणतात. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी त्यांची जमीन अमेरिकन सरकारने घेतली. पण त्या जमिनीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि तळ्यातले रानभात गोळा करण्याचा हक्क त्यांनी तहात राखून ठेवला. ही गोष्ट नीट समजून घ्या. हा हक्क सरकारने खैरात म्हणून दिलेला नव्हता. शेत विकताना विहिरीचे पाणी आणि गाडीवाट खरेदीखतात राखून ठेवावी, तसा तो मूळ मालकाने स्वतःकडे ठेवलेला होता.

खरेदीखत एकाचे आणि अंमल दुसऱ्याचा, हे आपल्याला नवे नाही. १८५० मध्ये त्या लोकांना हुसकण्याचा हुकूम निघाला. तहाप्रमाणे मिळायची रक्कम आणि धान्य लांबच्या ठिकाणी वाटू म्हणून त्यांना ऐन हिवाळ्याच्या तोंडावर बोलावले. रसद वेळेवर आलीच नाही. तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे चारशे माणसे उपासमारीने, रोगाने आणि थंडीने मेली. पुढे १८५४ च्या तहाने त्यांना राखीव वस्त्या मिळाल्या. वस्तीबाहेर पाऊल टाकून हरीण मारले की राज्याचे शिपाई त्यांना चोर म्हणून धरू लागले. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालले.

१९७४ मध्ये दोन सख्खे भाऊ राखीव वस्तीच्या हद्दीबाहेर गोठलेल्या तळ्यावर मासे मारायला गेले आणि पकडले गेले. त्यांच्या जमातीने खटला लढवला. २५ जानेवारी १९८३ रोजी अपील न्यायालयाने निकाल दिला : तहातला हक्क जिवंत आहे. वरच्या न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

“हरणे संपणार!”

निकाल लागला आणि एकच ओरड उठली. हरणे संपणार, मासे संपणार, पर्यटन बुडणार. सगळ्यात मोठी तक्रार अशी : आम्हाला बंदुकीचे नऊ दिवस आणि त्यांना सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चार महिने? हा कुठला न्याय? वसंतात आदिवासी भाले घेऊन तळ्यावर मासे मारायला आले, की काठावर जमाव जमे. दगड फेकले गेले, घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या, आदिवासींनाच भोसका अशा अर्थाचे फलक लागले. १९८७ ते १९९१ ही वर्षे अशी गेली. काठावर ओरडणाऱ्यांत श्रीमंत किती होते? बरेचसे लोक कारखाने बंद पडून हात रिकामे झालेले, कर्जात अडकलेले, साध्या घरचे. त्यांचे दुःख खोटे नव्हते. दुःखाचे कारण त्यांनी चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन टाकले होते.

१९९० मध्ये न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी हरणांचा प्रश्न निकाली काढला. कोणत्या भागात किती हरणे मारली तरी कळप टिकेल हे आधी मोजायचे. त्या मर्यादेत आदिवासींचा वाटा निम्म्यापर्यंत. खाजगी मालकीच्या जमिनीवर हा हक्क चालणार नाही, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतात शिरण्याचा परवाना कुणाला मिळाला नाही. हक्क बुडवल्याची भरपाई मात्र आदिवासींना नाकारली. १९९१ मध्ये दोन्ही बाजूंनी ठरवले, की आता अपील करायचे नाही.

मग हरणे संपली का? आदिवासींनी या हक्काने वर्षाकाठी मारलेली हरणे काही हजारांच्या पुढे गेली नाहीत. इतर शिकारी मारतात ती लाखांत. मोटारींना धडकून मरणारी हरणेसुद्धा आदिवासींनी मारलेल्या हरणांपेक्षा कितीतरी जास्त. ज्या काही हजारांसाठी सख्खे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते, ते एवढेच होते. आदिवासींनी १९८४ मध्ये स्वतःचा आयोग उभा केला. आज त्यात अकरा जमाती आहेत. त्यांचे स्वतःचे जाणकार कळप आणि मासे मोजतात, त्यांचे स्वतःचे रक्षक आपल्याच माणसाने नियम मोडला तर त्याला धरतात.

आता दुसरे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच राज्याने लांडग्यांची शिकार उघडली. मर्यादा २०० : आदिवासींच्या वाट्याला ८१, बाकी शिकाऱ्यांना ११९. ओजिब्वे लांडग्याला भाऊ मानतात, त्यांनी एकही मारला नाही. बाकीच्यांनी तीन दिवसांच्या आत २१८ मारले. हंगाम घाईघाईने बंद करावा लागला. मर्यादा कुणी मोडली? ज्याच्यावर “काही नेम नाही” असा ठपका होता, त्याने नव्हे.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

तुम्ही विचाराल, हरीण मारणाऱ्यांचे झाले, पण ज्याचा मका हरणाने खाल्ला त्याचे काय? विस्कॉन्सिनमध्ये १९८३ पासूनच एक योजना चालते. हरीण, अस्वल, हंस, रानटर्की यांनी पीक खाल्ले तर भरपाई मिळते. कुंपणाला मदत मिळते. पैसा कुठून येतो? शिकारीच्या परवान्यावर जो जादा आकार लावतात, त्यातून. म्हणजे हरणापासून ज्याला आनंद आणि मांस मिळते, त्याच्या खिशातून हरणाने केलेल्या नुकसानीचे पैसे निघतात. उलट अट अशी, की भरपाई घेणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर शिकाऱ्यांना येऊ द्यायचे. नुकसान फार असेल तर हंगामाबाहेरही हरणे मारण्याचा खास परवाना मिळतो.

ही योजना सोन्याची आहे असे नाही. भरपाईला कमाल मर्यादा आहे, सुरुवातीची काही रक्कम शेतकऱ्याने सोसायची असते. पण हिशेब सरळ आहे. जनावराचा मालक ठरलेला, त्याचा खर्च कुणी करायचा हेही ठरलेले.

आणखी एक गोष्ट या हकिगतीत आहे, ती सगळ्यात मोलाची. त्याच जंगलात क्रँडन गावाजवळ जस्त आणि तांब्याची मोठी खाण काढायचा बेत होता. शेजारी ओजिब्वेंची वस्ती, खाली वुल्फ नदी. खाणीचे विष पाण्यात उतरले असते तर आदिवासींचे रानभातही गेले असते आणि गोऱ्यांचे मासेही. कालपर्यंत तळ्याच्या काठावर समोरासमोर उभे असलेले मच्छीमार आणि आदिवासी या प्रश्नावर एका बाजूला आले. आदिवासींच्या हातात तहाचा हक्क होता, त्याचा आधार सगळ्यांना झाला. १९९८ मध्ये राज्याला खाणींवर कडक कायदा करावा लागला आणि २००३ मध्ये दोन जमातींनी मिळून ती खाणीची जागाच विकत घेतली. ज्या हक्कावर शेजारी जळत होते, त्याच हक्काने शेजाऱ्यांचे पाणी वाचवले.

आता आपल्या बांधावर

आपल्याकडे हंगाम नाही, परवाना नाही, नोंद नाही, वाटा नाही. आहे ती फक्त बंदी आणि जागल.

ज्वारी हुरड्यावर आली की जागल. पऱ्हाटीला पाती-बोंडे लागली की जागल. तुरीला शेंगा धरल्या की जागल. डुकरांचा कळप एका रात्रीत जे करून जातो, ते निस्तरायला पुन्हा पेरणीचा खर्च. रोही खातो थोडे आणि तुडवतो जास्त. कितीतरी गावांनी ज्वारी पेरणे सोडले. ज्वारी गेली, तिच्यामागे कडबा गेला, कडब्यामागे दावणीची गुरे गेली, गुरांमागे शेणखत गेले. हा तोटा कोणत्या पंचनाम्यात लिहितात? ज्याला झटका मशीन परवडत नाही तो तारेत थेट वीज सोडतो. मग कधी शेजाऱ्याचा पोरगा मरतो, कधी स्वतःच. वर गुन्हा शेतकऱ्यावरच.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता पीक खाणारे जनावर मारायचे तर अधिकाऱ्याची परवानगी. रोही-डुकरांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तसा निर्णय काढला. अर्ज करा, नुकसान दाखवा, परवानगीची वाट पाहा. डुक्कर तोवर वाट पाहत नाही. आणि परवानगी मिळाली तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात बंदूक कुठे आहे?

याच कायद्याचे ३९ वे कलम गमतीचे आहे. मारलेले किंवा मेलेले आढळलेले वन्य जनावर सरकारच्या मालकीचे. त्याचे कातडे, शिंग, मांस, सगळे सरकारचे. वा रे मालक! जनावर मेले की सरकार मालक म्हणून धावत येते, आणि जिवंत असेपर्यंत ते चरायला शेतकऱ्याच्या गळ्यात. गावात कुणाचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला, तर मालकाला दंड होतो, बैल कोंडवाड्यात जातो. सरकारच्या जनावराला कोंडवाडा नाही. भरपाईचा कागद आहे, पण तो हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. आता खरीप २०२६ पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान धरू, असे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. पण विम्याचा हप्ता कोण भरणार? शेतकरी आणि सरकारी तिजोरी, म्हणजे पुन्हा आपणच. मालकाच्या बैलाने पीक खाल्ले, तर त्याचा विमा शेजाऱ्याने का उतरवायचा?

आदिवासींचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे परंपरेचे हक्क मानले, फक्त एक वगळून : शिकार. तो हक्क कायद्यात मुद्दाम शब्द घालून बाहेर ठेवला आहे. म्हणजे शेतकरी आणि पारधी, दोघांना एकाच कायद्याने चोर ठरवले आहे. फरक एवढाच, की पारध्याला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या यादीत जन्मानेच चोर ठरवले होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. गावाच्या मनातून मात्र तो रद्द झालेला नाही.

जंगल कुणी संपवले?

फासेपारध्यांनी हरणे संपवली, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ऐकाव्यात. फासात सापडलेली गाभण मादी आणि पाडस सोडून द्यायचे, ही फासेपारध्यांची जुनी रीत होती. माधव गाडगीळांसारख्या अभ्यासकांनी ती लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षीही खायचे आहे, हे ज्याला ठाऊक असते तोच बी राखून ठेवतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आणि काळवीट पकडायला चित्ते पाळून मौज करणारे कोण होते? राजे-नबाब. १९४७ मध्ये या देशातले शेवटचे समजले जाणारे तीन चित्ते कोरियाच्या महाराजांनी मारले. पारध्याच्या फासात ते मेले नाहीत.

आजचेही पाहा. १९९८ मधल्या काळवीट शिकारीबद्दल एका सिनेनटाला २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन दिवसांत तो जामिनावर घरी आला. शिक्षा व्हायलाच वीस वर्षे लागली. पारधी बेड्यावरचा माणूस चार तितरांसह सापडला, तर त्याच्यासाठी असा वकील कोण उभा करतो?

पूर्वी पिकाच्या राखणीला पारधी ठेवण्याची रीत कित्येक गावांत होती. त्याला जनावराची वाट, वेळ आणि वारा कळतो. आपल्याला त्याची गरज होती आणि त्याला आपली. बंदी आली. त्याची विद्या गुन्हा झाली, आपली राखण गेली, आणि दोघे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. फायदा कुणाचा झाला? २०१६ मध्ये बिहारात मोकामा भागात दोनशेच्या वर रोही मारले गेले. मारणारे बाहेरून बोलावलेले बंदूकवाले होते. त्यावरून दिल्लीत केंद्राच्या दोन मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. त्या भांडणात शेतकरी कुठे होता? आणि गावचा शिकारी कुठे होता? दोघांचे काम आणि दोघांचा हक्क तिसऱ्याच्या हातात गेला.

आक्षेप आणि उत्तरे

“पारध्याला हक्क दिला तर तो काळवीट, मोर, माळढोक सगळे मारील.” हक्क म्हणजे मोकाट सूट नव्हे. विस्कॉन्सिनमध्ये आधी कळप मोजला, मर्यादा ठरवली, मग वाटा दिला. जे जनावर दुर्मिळ आहे, त्याची मर्यादा शून्य. आज बंदी असूनही फासे लागतातच. फक्त कुणी मोजत नाही. मोजलेली शिकार परवडली, न मोजलेली चोरी परवडत नाही.

“तिकडे तह होता, इकडे कुठे आहे?” खरे आहे, पारध्याच्या हातात १८३७ चा कागद नाही. पण कागद नसला म्हणून वहिवाट खोटी ठरत नाही, हे सातबाऱ्यावर नाव लागायच्या आधीपासून जमीन कसणाऱ्यांनी तरी विसरू नये.

“प्राण्यांचा जीव घेणे पाप आहे.” ज्याला असे वाटते त्याने मारू नये. पण दुसऱ्याच्या ज्वारीवर स्वतःचे पुण्य जोडू नये. शहरात बसून हरणाचे फोटो काढणाऱ्यांना हरीण हवे असेल, तर त्यांनी त्याच्या चाऱ्याचे बिल भरावे. आम्ही आनंदाने हरीण सांभाळू. फुकट सांभाळणार नाही.

“रोही तर गाय आहे.” नावात गाय आहे, जातीने तो कुरंग आहे. नावावरून जनावर ठरत नाही.

ठराव कसा असावा

तेव्हा या वेळच्या जिल्हा बैठकीत ठराव मांडताना तो असा मांडावा, असे माझे मत आहे.

एक : वन्यजनावर सरकारचे आहे, तर त्याने केलेले नुकसान हे सरकारवरचे कर्ज समजावे. ते मुदतीत फेडावे. मुदत उलटली तर शेतकऱ्याच्या कर्जाला लागते तसे व्याज त्यालाही लागावे.

दोन : तालुक्यागणिक रोही आणि डुकरे मोजावीत. किती कमी केली तरी कळप टिकेल, तो आकडा जाहीर करावा. ते काम बाहेरच्या बंदूकवाल्याला नव्हे, ग्रामसभेच्या देखरेखीखाली गावच्या शेतकऱ्यांना आणि पारधी-आदिवासींना परवान्याने द्यावे.

तीन : पिकाची राखण हे पारध्याचे जुने काम त्याला मजुरीसह परत मिळावे आणि वनहक्क कायद्यातून वगळलेल्या शिकारीच्या हक्कावर, मर्यादेसह, पुन्हा विचार व्हावा.

चार : हळू आवाजातली ती दुसरी मागणी आपल्या ठरावातून कायमची काढून टाकावी.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण ती सरकारकडे मागायची नाही, स्वतःकडे मागायची आहे. पण तिच्यावाचून पहिल्या तिन्ही पोकळ आहेत. ज्या दिवशी आपण म्हणतो, की पारध्याला हक्क नको कारण त्याचा भरवसा नाही, त्या दिवशी सरकारच्या तोंडी आपण आयते उत्तर घालतो : मग शेतकऱ्याचा तरी भरवसा कशाला धरायचा? आज शेतकऱ्याला हेच ऐकवले जाते. तुम्हाला परवानगी दिली तर तुम्ही वाटेल ते माराल, म्हणून सही आमची. पारध्याला लावलेली ती फूटपट्टी आपल्याच पाठीवर पडते आहे.

विस्कॉन्सिनच्या लोकांना हे उमगायला पाच-सात वर्षे दगडफेकीत घालवावी लागली. त्यांचे पाहून आपण तेवढा वेळ वाचवावा. पुढच्या बैठकीला येताना शेजारच्या पारधी बेड्यावरच्या दोन माणसांना बरोबर आणा. त्यांना मागे बसवू नका. रोह्याची वाट कोणत्या नाल्याने येते, हे आपल्या अध्यक्षांपेक्षा त्यांना जास्त चांगले ठाऊक आहे.